घरची दाढ

माझ्या सासूबाईंना वय विचारलं तर त्या सत्तर सांगतात. त्यांचा जन्म होऊन शहात्तर वर्षं झालीत. यात लपवाछपवी काही नाही. झेवारमध्ये थोरल्या मुलाचं वय जन्मापासून मोजतच नाहीत, घरी आल्यापासून मोजतात. हे आधी नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी आग इथूनच लागली. ती कुणी लावली तेही मी नावं घेऊन सांगणार आहे. मी इचलकरंजीची आहे. आडपडदा ठेवून बोलणं मला कधी जमलं नाही.

मी केतकी मगदूम, दातांची डॉक्टर. मिरजेत शिकत होते तेव्हा फार्मसी शिकायला आलेल्या राशेनशी ओळख झाली आणि मी त्याच्याशी लग्न करायचं ठरवलं. आमच्या घरी भूकंप झाला. शेवटी आई म्हणाली, निदान तुझं सासर नकाशावर दाखव तरी. नकाशावर झेवार नव्हतंच. त्या जागी ताल्मिया लिहिलेलं होतं. शंभर वर्षांपूर्वी कुठल्याशा तहात डोंगरातलं झेवार खालच्या सपाटीवरच्या ताल्मिया देशाला जोडून टाकलं होतं. भाषा वेगळी, सणवार वेगळे, सगळंच वेगळं, पण झेवारींना कुणी विचारलं नाही. तेव्हापासून हे भांडण चालू आहे. माझ्या सासूबाई, म्हणजे नारेथबाई, तरुणपणी चोरट्या रेडिओवरून झेवारी भाषेत बातम्या सांगायच्या. त्यापायी त्यांनी सहा वर्षं तुरुंग भोगला. एक दाढ त्यांनी तिथंच घालवली, पहारेकऱ्याच्या ठोशानं.

आता ती वयाची गोष्ट. झेवारमध्ये थोरलं मूल चाळीस दिवसांचं झालं की त्याला खाली ताल्मियातल्या दूधघरी पाठवतात. वरच्या थंडीत तान्ही मुलं जगत नसत, निदान एक तरी वाचावं, हे एक कारण. दुसरं असं की आपलं मूल ज्यांच्या घरात वाढतंय त्यांच्यावर कुणी हत्यार उगारत नाही. तिथली दूधआई त्याला अंगावर पाजते, वाढवते. मुलाचा पहिला दुधाचा दात पडला की दूधआई निरोप धाडते आणि सगळी गल्ली वाजतगाजत त्याला आणायला जाते. तो दात दाराच्या चौकटीतल्या भोकात मेण घालून बसवतात. त्याच सुमाराला मुलाच्या तोंडात मागच्या बाजूला पहिली पक्की दाढ वर येते, वर-खाली दोन्ही बाजूंना मिळून चार. तिला झेवारीत म्हणतात घरची दाढ. मूल घरी आलं आणि दाढ आली, म्हणून. खाली काढलेल्या त्या सहा वर्षांना कुणी राहणं म्हणत नाही. पाहुणा होतो, म्हणतात.

मी माझी मुलगी पाठवली नाही. मीरेन चाळीस दिवसांची झाली तेव्हा सासूबाईंनी पाळण्याला लाल दोरा बांधला. तो मी सोडला आणि सांगितलं, माझं पोर माझ्याजवळ राहील, मग जग इकडचं तिकडं होऊ दे. त्यावरून घरात जे काही झालं ते झालं. पुढं सासूबाईंनी नातीवर जीव टाकला, पण दर सणाला एक वाक्य ठरलेलं असायचं. हिला कुणी घरी आणलंच नाही, हिचं वय मोजायचं कुठून? मीरेन हसायची. मी दातओठ खात भाजी चिरायची.

एवढ्यात डोंगराखाली ती खनिजं सापडली. मोटारींच्या आणि क्षेपणास्त्रांच्या चुंबकांना लागणारी, जगात फार थोड्या ठिकाणी मिळणारी. झालं! उत्तरेकडच्या थोरल्या सत्तेला ताल्मियाच्या अखंडतेचा पुळका आला आणि समुद्रापलीकडच्या थोरल्या सत्तेला आमच्या आत्मनिर्णयाचा कळवळा आला. शंभर वर्षं आम्ही टाहो फोडत होतो तेव्हा दोघांच्याही कानात बोळे होते. तीन वर्षं लढाई झाली, मग युद्धबंदी, मग सार्वमत ठरलं. झेवार स्वतंत्र व्हावं की ताल्मियात राहावं, हे झेवारी लोकांनीच मत देऊन सांगायचं.

झेवारी लोक म्हणजे कोण, इथं घोडं अडलं. ताल्मियानं चाळीस वर्षं आपली माणसं वर आणून वसवली होती आणि लढाईत जन्मनोंदीची कचेरी जळून गेली होती. तेव्हा दोन्ही थोरल्या सत्तांनी मिळून आयोग नेमला आणि आयोगानं यंत्र आणलं.

यंत्राचं शास्त्र खोटं नाही, हे मी आधीच सांगते. माझा राग शास्त्रावर नाही. दगडात स्ट्रॉन्शियम नावाचा एक धातू असतो. त्याच्या रूपांतली दोन इथं कामाची, एक हलकं, एक जरा जड. रुबिडियम नावाचं मूलद्रव्य कोट्यवधी वर्षं किरणोत्सर्ग करत करत त्या जड रूपात बदलत जातं. म्हणून जितका दगड जुना तितकं जड रूप जास्त. आमचा डोंगर फार जुना आहे. खालची सपाटी चुनखडीची, डोंगराच्या मानानं कालची. हे स्ट्रॉन्शियम दगडातून पाण्यात उतरतं, पाण्यातून गवतात, गवतातून दुधात आणि दुधातून बाळाच्या अंगात. शरीराला ते कॅल्शियमच वाटतं, त्यामुळं ते हाडात आणि दातात बसतं. हाड आयुष्यभर झिजतं आणि नवं होत राहतं. दातावरचं कवच मात्र एकदाच घडतं, ते पुन्हा बदलत नाही. म्हणजे लहानपणी तुम्ही कुठल्या दगडावरचं पाणी प्यायलात ते म्हातारपणीही तुमच्या दातात लिहिलेलं असतं.

पूर्वी हे वाचायला दाताचा तुकडा मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागे. आता टॉर्चएवढं यंत्र निघालंय. ते लेसरनं दाढेवरची डोळ्याला न दिसणारी धूळ उडवतं, ती आत ओढून घेतं, दोन रूपांचं प्रमाण मोजतं आणि नकाशाशी ताडून बघतं. डोंगराशी जुळलं तर हिरवा दिवा, नाहीतर लाल.

कुठला दात बघायचा, हे आयोगापुढं आमची बाजू मांडणाऱ्या झेवारी समितीनं सुचवलं. अभिमानानं सुचवलं! आयोगानं विचारलं, तुमची मुलं लहानपण कुठं काढतात? समितीतल्या जाणत्या माणसांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, झेवारमध्ये. मग कुठला दात बघावा? घरची दाढ बघा, ती इथंच येते. कुणी खोटं बोललं नाही. पाहुणा होतो ते दिवस लहानपणात धरायचे असतात, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

अहो, पण दाढ वर येते सहाव्या वर्षी, ती घडते त्याच्या कितीतरी आधी! जन्मल्यापासून तिसऱ्या वर्षापर्यंत ती हिरडीच्या आत तयार होते. म्हणजे थोरल्या मुलांची घरची दाढ घडते दूधघरी, ताल्मियाच्या पाण्यावर. हे मला आधी कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. मला बोलावलं सगळं ठरून सह्या झाल्यावर. आल्दूर गावात दातांची डॉक्टर मी एकटी, म्हणून माझ्याच दवाखान्यात यंत्र ठेवायचं आणि ते चालवायचं मी.

शिकवायला आयोगाचे दोघे आले होते. समुद्रापलीकडचा प्रेंटिस, उंच, गोड बोलणारा. उत्तरेचा गोरीन, ठेंगणा, सारखा सूर्यफुलाच्या बिया सोलून खाणारा. बातम्यांत हे दोघे एकमेकांवर तोफा डागायचे आणि संध्याकाळी आमच्याच चौकातल्या खानावळीत एका ताटात जेवायचे. मी दोघांसमोर उभी राहून सगळं सांगितलं. दूधघराची चाल सांगितली, दाढ कधी घडते ते सांगितलं. प्रेंटिसनं मान डोलावली, तुमचं निरीक्षण मोलाचं आहे म्हणाला. गोरीननं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्याला मी काही नवीन सांगत नव्हते, हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं.

मी राशेनला म्हटलं, समितीला जाऊन सांग. तो गावात औषधांचं दुकान चालवतो, समितीतली निम्मी माणसं त्याच्याकडून रक्तदाबाच्या गोळ्या नेतात. त्यानं आधी मलाच समजावलं. यंत्रामुळं वसवलेली माणसं बाहेर पडणार आहेत, आता मोडता घालू नकोस. तरी गेला, आणि हात हलवत परत आला. समितीचं म्हणणं, सूनबाई परक्या मुलखातली आहे, घरची दाढ घरचीच असते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं यांच्या तोंडात हात घालतेय मी, यांच्या दाढा यांच्यापेक्षा मला जास्त माहीत आहेत!

मतदारांची नोंदणी सुरू झाली. पहिल्याच दिवशी सासूबाई आल्या. तुरुंगातून सुटल्या त्या दिवशी घातलेला भरतकामाचा झगा घालून, केस नीट बांधून. मीरेन बरोबर होती, तीही पहिल्यांदाच मत देणार होती. रांगेतली माणसं बाजूला झाली आणि म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. या बाईसाठीच तर हा दिवस आलाय, असं सगळ्यांना वाटत होतं. कोपऱ्यात निरीक्षक म्हणून गोरीन बिया सोलत बसला होता.

मी यंत्र त्यांच्या उजव्या दाढेला लावलं. लाल. डावीला लावलं. लाल. खालच्या एकुलत्या उरलेल्या दाढेलाही लाल. सासूबाई खुर्चीवरच्या आरशात बघत होत्या. त्यांनी शांतपणे सांगितलं, पुन्हा लाव. मी पुन्हा लावलं. गोरीननं टरफल थुंकलं आणि पुढचा नंबर पुकारला.

पुढचा नंबर मीरेनचा होता. हिरवा.

जिला परक्या आईनं चाल मोडून वर ठेवून घेतलं होतं ती अस्सल झेवारी ठरली, आणि जिनं झेवारसाठी जन्म जाळला ती ताल्मियाची ठरली. सासूबाई खुर्चीवरून उतरल्या, त्यांनी नातीच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “चल बाई, तू तरी घरची निघालीस.” टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला चाललं असतं.

आठवडाभरात सगळ्या गावाला कळून चुकलं. घराघरातला थोरला लाल आणि धाकटा हिरवा. राशेन घरात दुसरा, म्हणून तो हिरवा. तो आईसमोर जेवायला बसेना. समितीचा अध्यक्षच लाल निघाला, तेव्हा समितीला जाग आली. सगळे आयोगाकडं धावले. आयोग म्हणाला, दाढ तुम्हीच सुचवलीत, सह्या तुमच्या आहेत.

त्यात एक दिवस प्रेंटिस माझ्या दवाखान्यात आला तो गाल धरून. खानावळीतल्या खड्यावर दाढ फुटली होती. मी त्याला खुर्चीत बसवलं, सुई दिली, तोंडात कापूस कोंबला आणि मग बोलायला लागले. आयुष्यात एवढं सुख मला कशानं झालं नाही. समोर महासत्ता तोंड उघडून बसलेली, आणि एक शब्द उलट बोलू शकत नाही! मी सगळं बोलून घेतलं. वसवलेल्यांची इथं जन्मलेली पोरं हिरवी ठरणार, आमचे थोरले बाद होणार, म्हणजे मतं जवळजवळ सारखी पडणार, सारखी पडली की निकाल संशयास्पद ठरणार, आणि निकाल संशयास्पद ठरला की तुमची दोघांची संयुक्त देखरेख येणार. मग खाणी कुणाच्या देखरेखीखाली जाणार, हे सांगायला मी काही राजकारण शिकलेली असायला पाहिजे असं नाही.

काम झाल्यावर मी मुद्दाम ते यंत्र उचललं आणि त्याच्याच धडक्या दाढेला लावलं. लाल दिवा, आणि खाली अंदाज आला, कुठल्यातरी वाळवंटी किनाऱ्याचा. प्रेंटिस चूळ भरून हसला. वडील तेलाच्या कंपनीत होते, म्हणाला, पाच वर्षांचा होईपर्यंत मी तिकडंच होतो. मी विचारलं, “मग तुमच्या देशात मत देताना तुमच्याकडं कुणी दाढ मागितली का?”

त्यानं रुमालानं तोंड पुसलं. मग जे बोलला ते ऐकून मला त्याचा राग यायचा होता त्याहून जास्त आला, कारण तो खरं बोलला. “डॉक्टर, दूधघराची चाल आमच्या दोघांच्याही तज्ज्ञांना पहिल्यापासून माहीत होती. तुमच्या समितीनं ती सांगितली नाही. आम्ही विचारली नाही.”

मी संध्याकाळी घरी हे तसंच्या तसं सांगितलं. राशेननं ताट ढकललं. सासूबाई मात्र काही वेगळ्याच विचारात होत्या. त्यांनी विचारलं, ज्यांना दातच नाहीत त्यांचं काय करतात? मी म्हटलं, त्यांच्यासाठी नियम आहे. ज्याच्या तोंडात एकही घरची दाढ उरलेली नाही, त्याला ओळखणाऱ्या पाच हिरव्या शेजाऱ्यांनी येऊन साक्ष द्यायची, हा माणूस इथला आहे म्हणून. बोळक्या म्हाताऱ्यांसाठी समितीनं हट्टानं घालून घेतलेला नियम होता तो.

सासूबाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, मग उद्या काढ माझ्या.

मी नाही म्हटलं. शहात्तर वर्षांच्या बाईच्या तीन धडधाकट दाढा! त्यातल्या एकीसाठी मी किती खपले होते ते मलाच माहीत. दाढा गेल्यावर ही बाई खाणार काय? आमच्याकडची भाकरी म्हणजे जवाची, दगडासारखी. मी गावातल्या पोरांना बावीस वर्षं ब्रश करायला शिकवतेय, गोळ्या-चॉकलेटं हिसकावून घेतेय, ते काय यासाठी? मी म्हटलं, हे माझ्यानं होणार नाही. राशेन म्हणाला, मी दुसऱ्या गावी नेऊन काढून आणतो. त्यावरून आमचं असं जुंपलं की शेजारणीनं खिडकी लावून घेतली. मीरेन रडायला लागली. मला कळत होतं की मी चिडलेय ती राशेनवर नाही. कुणा दूरच्या माणसांच्या हिशेबापायी मला माझ्याच हातानं माझ्या माणसाचं तोंड मोडायला लावलं जात होतं, आणि ते करणारे खानावळीत बसून सूप पीत होते.

दुसऱ्या दिवशी सासूबाई दवाखान्यात येऊन खुर्चीत बसल्या. मी पाठ करून उभी राहिले.

“पोरी,” त्या म्हणाल्या, “माझा पहिला दात पडला तेव्हा मला घरी आणलं. आता हे म्हणतात मी अजून तिकडंच आहे. मग उरलेले पाड आणि मला पुन्हा घरी आण. तू तुझी मुलगी पाठवली नाहीस, बरं केलंस. मला आणायला तरी ये.”

मी काढल्या. तीन दाढा. सुई देताना माझे डोळे इतके भरले होते की दोनदा थांबावं लागलं, आणि त्याच मला धीर देत होत्या. मुळं घट्ट होती, हाडात रुतलेली. निघताना त्या दाढांनी जो आवाज केला तो मी अजून विसरले नाही. कापूस दाबून धरत सासूबाईंनी हात पुढं केला. मी दाढा धुऊन त्यांच्या हातावर ठेवल्या. घरी जाऊन राशेननं चौकटीला तीन नवीन भोकं पाडली.

नंतर रांगच लागली. शिक्षक, ड्रायव्हर, मेंढपाळ, समितीचा अध्यक्ष, सगळे थोरले. तरुण पोरं चार चार धडधाकट दाढा काढून घ्यायला येत होती. मी प्रत्येकाला आधी शिव्या घालायची, मग सुई द्यायची. भुलीचं औषध संपलं तेव्हा राशेननं सगळ्या डोंगरातून गोळा करून आणलं. गावात महिनाभर कुणी जवाची भाकरी केली नाही, सगळीकडं पेजच शिजायची. गोरीन कोपऱ्यात बसून बघत होता. त्याच्या बिया संपत आल्या होत्या की काय, पण तो सोलायचा थांबला होता.

मतदानाच्या दिवशी अख्खं गाव गाल सुजवून रांगेत उभं होतं. कुणाला धड बोलता येत नव्हतं. सासूबाईंचा नंबर आला तेव्हा पाच साक्षीदार पुढं झाले. पहिली मीरेन. टेबलावरच्या माणसानं विचारलं, तू या बाईंना ओळखतेस का? मीरेनचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू आला. “ही माझी आजी आहे. ही इथली आहे. हिला आम्ही घरी आणलंय.” सासूबाई आत गेल्या, मत देऊन बाहेर आल्या आणि पायरीवर बसून पोटभर रडल्या. सत्तर वर्षांत, त्यांच्या हिशेबानं सत्तर, त्यांना रडताना कुणी बघितलं नव्हतं.

संध्याकाळी आयोगानं जाहीर केलं. दाढा नसलेल्यांची मतं वेगळ्या पेटीत ठेवली आहेत. त्या साक्षींची तज्ज्ञांकडून छाननी होईल, मगच पेटी उघडेल. तोवर खाणींवर दोन्ही सत्तांची संयुक्त देखरेख राहील. त्या दोघांच्या राजधान्यांत या निर्णयाचं एकाच वेळी स्वागत झालं. आयुष्यात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं, आणि तेही आमच्या दाढांवर.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. पेटी चावडीत आहे, तिच्यावर दोघांची दोन कुलपं आहेत. चावडीच्या पायऱ्यांवर रोज थोरले येऊन बसतात. आरडाओरडा नाही, घोषणा नाहीत. सासूबाई लोकर विणतात, कुणी पत्ते खेळतं, दुपारी घरून पेज येते. समोरच्या रस्त्यानं खनिजाचे ट्रक खाली जातात, तेव्हा विणायच्या सुया थांबतात आणि ट्रक गेला की पुन्हा चालू होतात. माझा दवाखाना चावडीच्या समोरच आहे, त्यामुळं मला हे रोज बघावं लागतं आणि रोज माझं रक्त उकळतं.

परवा प्रेंटिस आला. मी दुरुस्त केलेली तीच दाढ पुन्हा ठणकत होती, गाल टम्म सुजलेला. राजधानीतला डॉक्टर दोन दिवसांच्या वाटेवर. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी हातमोजे न घालता दारात उभी राहिले. म्हटलं, आमच्याकडं नियम आहे. दाढेचा भरवसा नसेल तर पाच शेजाऱ्यांची साक्ष लागते. तुम्हाला इथं ओळखणारे पाच जण आणा, मग खुर्चीत बसा.

त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मग त्याच्या लक्षात आलं. तो वळला आणि रस्त्यापलीकडं त्या पायऱ्यांकडं बघत राहिला. वर्षाहून जास्त या गावात राहून त्याला पाच नावं येत नव्हती. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? चांगलं बरं वाटलं.

सासूबाईंनी विणकाम खाली ठेवलं. काय झालं म्हणून विचारलं. मी रस्त्यावरूनच ओरडून सांगितलं. त्या उठल्या, रस्ता ओलांडून आल्या, प्रेंटिसचा चेहरा धरून उजेडाकडं वळवला आणि सूज बघितली.

“मी साक्ष देते,” त्या म्हणाल्या. “हा माणूस आहे आणि याला दुखतंय.”

मागून समितीचा अध्यक्ष उठून आला. मग शिक्षक, मग मेंढपाळांतले दोघे. दाढा नसलेल्या तोंडांनी त्यांनी तेच म्हटलं. मी सासूबाईंवर मनातून इतकी चिडले की विचारू नका. एवढं सगळं करूनही या बाईला राग कसा म्हणून येत नाही? त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, काम कर तुझं, आणि परत जाऊन सुया हातात घेतल्या. तेव्हा मला दिसलं, त्या विणलेली अख्खी ओळ हिसकून उसवत होत्या. राग होता. माझ्याहून जास्त होता.

मी प्रेंटिसला खुर्चीत घेतलं. सुई दिली, दाढ उघडली, पू काढला, आत औषध भरलं. काम चाललं असताना खिडकीतून त्याला चावडी दिसत होती, ती पेटी आणि तिची दोन कुलपं दिसत होती, हे मला ठाऊक होतं. मी खुर्ची मुद्दाम तशी फिरवली होती. काम संपल्यावर मी म्हटलं, “पाच जणांची साक्ष इथं एका मिनिटात झाली, साहेब. असल्याच साक्षींची तुम्ही वर्षभर छाननी करताय. पेटी कधी उघडताय?”

मग मी त्याच्या तोंडातला कापूस काढला, दिवा बाजूला केला आणि म्हटलं, बोला आता.